बाबांनी शब्दकोश देऊन टाकला

ताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समजा). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं; आता खरं सांगते.

छापखान्याने बाबांकडे मुद्रितं तपासायला पाठवणं बंद केलं त्याला आठ महिने झाले. तरी लाल पेन खिशात असायचंच. माझी सामानाची यादी ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय दुकानात जात नसे (लग्नाला बावीस वर्षं झाली, मी अजून नापास). मग केव्हातरी यादी जशीच्या तशी परत येऊ लागली. एके दिवशी ते माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी मुद्दाम 'दुध' लिहिलं. बाबा दूध घेऊन आले, बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी 'साबन' लिहिलं, तिसऱ्या दिवशी 'बठाटे'. मुकाट्याने बटाटे आले आणि मला घाम फुटला.

तुमचे बंधू म्हणाले, वय झालं (गळक्या नळावरही त्यांचं हेच निदान असतं). आम्ही बाबांचे डोळे तपासून नवा चष्मा केला, तो खणात पडून आहे. कान तपासले, ते माझ्यापेक्षा बरे निघाले. जेवण निम्म्यावर आलं, पहाटे उठून भिंतीकडे बघत बसणं सुरू झालं. शेजारचे निवृत्त मास्तर त्यांना हास्यमंडळात घेऊन गेले. अठरा माणसं हात वर करून हसत होती आणि मधोमध बाबा, बस चुकल्यासारखे. सासऱ्यांना विनोदबुद्धी कमी आहे, असं मास्तरांनी मलाच ऐकवलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी न्हावी दारात आला. हातात बाबांचा जाडजूड शब्दकोश.

"काकांनी दिला," तो म्हणाला. "म्हणाले, मला आता लागणार नाही. वहिनी, मला वाचायला बेताचंच येतं. पण हे बरं वाटलं नाही मला."

बावीस वर्षं घरात राहून मला जे कळलं नाही ते त्याला कळलं. मी गॅस बंद केला, एका पायात माझी आणि एका पायात तुमच्या भावाची चप्पल घातली आणि बाबांना टॅक्सीत बसवलं. सगळी वाट मी त्यांचा हात सोडला नाही. त्यांनीही सोडवून घेतला नाही, त्याने तर जास्तच भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी भूक, झोप सगळं विचारलं, रक्त तपासायला सांगितलं. मग पेन खाली ठेवून सरळच विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"रोज," बाबा म्हणाले. "विचारलंत मात्र तुम्हीच पहिल्यांदा."

हे म्हातारपण नव्हे, नैराश्याचा आजार आहे आणि तो बरा होतो, असं बाई म्हणाल्या. गोळी दिली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. दर गुरुवारी एका समुपदेशकांशी तासभर बोलणं असतं. आणि तूर्त त्यांना एकटं सोडायचं नाही. म्हणून तुमचे बंधू आणि मी पाळ्या लावल्या आहेत. कालच्या गुरुवारी परत आल्यावर बाबा म्हणाले, चहा गार आहे. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

थोरांना नमस्कार, लहानांना जे हवं असेल ते.

तुमची भावजय

ता. क. पत्र लांबलं, कारण हे लिहायचं टाळत होते : पंधरा दिवस येऊन राहाल का? मी दमले आहे. न्हाणीघराचं दार बंद झालं की मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असते.

आणखी एक ता. क. तुमच्या भावालाही हे सांगितलेलं नाही. बाबा चुका काढेनासे झाले ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. 'एके दिवशी लक्षात आलं' हे वर खोटं लिहिलं. दोन महिने मी मजेत होते. शेजारणींना सांगत होते, सासरे निवळले हो आमचे. आल्यावर काय रागवायचं ते रागवा, पण या.