पिवळ्या गाडीतले तुझे रविवार

प्रिय विन्या,

तू गेलास तेव्हा मी रडलो, मग गप्प झालो, मग सवय झाली. राग मात्र कधी आला नव्हता. तो या महिन्यात आला. राग म्हणणंही सभ्यपणाच झाला. खरं सांगायचं तर मी तुझ्यावर जळतोय. गेलेल्या माणसावर जळणारा अख्ख्या मुलुंडमध्ये मी एकटाच असेन, पण त्याची सोय तूच करून गेलास ना!

सई शिकून नोकरीला लागली, बाप म्हणून माझे हात मोकळे झाले, आणि मी आपली दोन सीटांची गाडी घ्यायला निघालो. आपली म्हणजे तीच, जर्मन, छप्पर मागे दुमडणारी, जिच्यावरून आपण वर्षानुवर्षं नाक्यावरच्या टपरीवर भांडलो. तुला लाल हवी होती, मला करडी. "दोन सीटा म्हणजे एक तू, एक मी. बायका रिक्षाने येतील," हे तुझं वाक्य. आठवतं?

अंधेरीला एक सापडली. करडीच. वापरलेली अर्थात, नवी आपल्या ऐपतीत कुठली! आणि वापरलेली गाडी एकट्याने बघायची नाही हा आपला नियम. तू बोलायचास, मी वाकायचो. तू मालकाला गप्पांत गुंतवायचास, तोवर मी कार्पेटखाली हात घालून ओल चाचपायचो. नातेवाईक, शेजारी, सोसायटीतले, सगळ्यांच्या गाड्या आपण अशाच पास-नापास केल्या. आता बोलणारा राहिला नाही. म्हटलं, गाडीवेड्यांच्या त्या फोरमवर विचारावं, जिथे तू "जरा टाइमपास" करायचास.

मी प्रश्न नीट टाकला. मॉडेल, किलोमीटर, सर्व्हिस कुठे झाली, छप्पर दुमडताना डाव्या बाजूने येणारा बारीक आवाज. एक शब्द जास्तीचा नाही. पहिलं उत्तर आलं, "विनूसरांचा थ्रेड वाचा." दुसरं, "विनूसर असते तर एका मिनिटात सांगितलं असतं." तिसऱ्याने नुसते हात जोडले होते. माझ्या गाडीचं कुणाला पडलेलंच नाही! सगळे तुझ्यासाठी हळहळतायत.

विनूसर! इंग्रजीच्या तासाला माझ्या वहीत मान घालून बसणारा तू सर कधी झालास रे?

वाचला तुझा थ्रेड. पहिल्या पोस्टपासून शेवटच्यापर्यंत, सगळा. तुझं इंग्रजी सुधारलंय, ते कबूल. पण त्यात काय सापडावं? गाडी पाण्यात बुडालेली आहे का हे बघायचं असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; गाडी कितीही धुतली तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. खाली अंगठ्यांची रांग लागलेली. विन्या, ही माझी युक्ती! कुणाच्या हाताखाली न शिकता, भांडुपच्या त्या बुडालेल्या गाडीत घामाघूम होऊन मी स्वतः शोधलेली. तू तेव्हा "झकास रे सुध्या" म्हणालास आणि जगाला वाटून मोकळा झालास. नाव तरी टाकायचंस. "माझ्या एका मित्राने दाखवलं" एवढंच लिहिलंयस. एका मित्राने! मला काय नाव नाही?

तेही गिळलं असतं. पण पुढे फोटो होते.

तू पिवळ्या दोन सीटांच्या गाडीत, एकदा स्टिअरिंगवर, बाकी डाव्या सीटवर. तू खोपोलीला, हातात वडा. तू लोणावळ्याला, केस उडालेले, जे काय उरले होते ते. चार-पाच तरुण पोरं तुझ्या भोवती. आणि सगळे फोटो रविवारचे! रविवारी सकाळी तू बदलापूरला सासुरवाडीला जायचास ना? मी बिचारा म्हणायचो, माणूस सासऱ्यांचं किती करतो. अरे, एखाद्या बाईला नवऱ्याचं लफडं कळावं तसं मला झालं. मोबाइल घेऊन तडक तुझ्या घरी गेलो.

वहिनी कोळंबी सोलत होत्या. फोटो बघून हसल्याच. "मला सगळं माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं त्याने? मला का नाही नेलं?"

"तुमका न्हेऊन काय करतलो तो?" चिडवायचं असलं की वहिनी अशा मालवणीत शिरतात. "भावजी, तुम्ही गाडीत बसायच्या आधी वाकून टायर बघता. ती पोरं हौसेने गाडी दाखवणार आणि तुम्ही सांगणार, बंपर रंगवलेला आहे. ह्यांना चार घटका नुसतं फिरायचं होतं हो."

मी चहा न घेता निघालो. लागलं मला. पण खोटं कुठे होतं त्यात, हे मला जिन्यात शोधूनही सापडलं नाही.

फोरमवरच्या एकाने शेवटी सोबत यायची तयारी दाखवली. केयूर, घाटकोपरचा, तिशीचा. अंधेरीच्या त्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये आला तोच पिवळी गाडी घेऊन. फोटोतली, तीच! आत येताना वळणावर तिचा आवाज ऐकला आणि मी सवयीने कान टवकारले. उतरल्या उतरल्या त्याने मला "काका" म्हटलं. तू सर आणि मी काका!

करडी गाडी अशी चमकत होती की मी क्षणभर आपलं लाल-करडं भांडण जिंकलो. केयूरने ऐटीत सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. स्वच्छ. दुसरा ओढला. स्वच्छ. "विनूसरांची टेस्ट पास," तो म्हणाला.

मालक गालात हसला. "मला माहीत होतं तुम्ही हेच बघणार. हल्ली सगळे हेच बघतात."

विन्या, त्या हसण्यावर माझं डोकं चाललं. सगळे बघतात म्हणजे विकणाऱ्यांनीही वाचलं असणार! तू जाहीर केलंस, तेव्हाच ती युक्ती बोथट झाली. मी गुडघ्यावर बसलो, पट्ट्याच्या खालच्या टोकाला शिवलेलं छोटं लेबल उलटं केलं आणि चष्मा वर करून बनावटीची तारीख वाचली. पट्टा गाडीपेक्षा सहा वर्षांनी धाकटा. दुसराही तेवढाच. मग सीटखाली बोट घातलं. बोल्टच्या खाचेत वाळलेली माती.

"दोन्ही पट्टे नवे का हो?"

"अंकल, ते... आधीच्या मालकाने बदलले असतील."

"आणि माती? तीही आधीच्या मालकाची?"

तो फोन आल्यासारखं करून लांब गेला. गाडी गेली हातची. करडी, आपली. वाईट वाटायला हवं होतं, पण पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे तुझ्या थ्रेडमध्ये नाही!

केयूर माझ्याकडे बघतच राहिला. "एक मिनिट. तुम्ही सुधासाहेब का?"

"कोण साहेब?"

"विनूसर सांगायचे ना, 'मी नुसता बोलतो रे, बघणारा दुसराच आहे. एकदा आणतो त्याला. पण आधी तुझी गाडी ठाकठीक कर, नाहीतर रडवेल तुला.' मी तेव्हापासून ठाकठीकच करतोय, यार!"

मी रुमाल काढून हात पुसत राहिलो. बोटाची माती केव्हाच निघाली होती.

मग केयूर म्हणाला, "हे लेबलचं लिहा ना तुम्ही थ्रेडमध्ये."

"लिहिलं की विकणारे जुन्या तारखेचे पट्टे शोधतील."

"मग तुम्ही अजून काहीतरी शोधाल."

हा पोरगा तुझ्यासारखं बोलतो. कुणाकडून उचललं ते उघडच आहे.

तर मी लिहिलंय. तुझ्याच थ्रेडमध्ये, तुझ्या शेवटच्या पोस्टखाली, आणि माझ्या पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट. आता कुणाचा घोटाळा नको. अंगठे येतायत. तुझ्याइतके नाहीत, मी बघतो रोज.

जळणं गेलं असं समजू नकोस. ते रविवार माझे होते. मला एकदा विचारायचंस. मी नावं ठेवली असती, ठीक आहे, पण खोपोलीच्या वड्यापाशी गप्प बसलो असतो रे.

केयूरने या रविवारी बोलावलंय. डाव्या सीटवर तुझ्यानंतर फारसं कुणी बसलेलं नाही म्हणतो. मी जाणार आहे. आणि तुला शब्द देतो, लोणावळ्यापर्यंत त्या गाडीला एक नाव ठेवणार नाही. पुढचा डावा ब्रेक वाजतो, ते मी बेसमेंटमध्ये वळणावरच ऐकलं. बोललो नाही. वडा खाऊन झाला की सांगेन.

तुझाच,
सुध्या
(फोरमवर आता सगळे म्हणतात: सुधासाहेब)