काखेतला टॉवेल

रविवार, आटपाडी. जेवणं आत्ताच झाली.

संध्याकाळभर एकच व्हिडिओ बघत होते. लेहच्या बर्फावरची हॉकी. आमचा सचिन दुसऱ्या एका जवानाला खांद्यानं धडकतो आणि तो कडेच्या फळीवर आदळून आडवा होतो. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच, कोपर मारलं, फाऊल. मलाही तसंच दिसलं. धाकटा भाऊ म्हणून काय डोळे झाकायचे?

दादा, म्हणजे आमचे वडील, जेवायलाच उठेनात. जन्मभर कबड्डी शिकवलेला माणूस. आम्हा दोघा भावंडांना काखेत टॉवेल धरून धडक मारायला लावायचे. टॉवेल पडला की मैदानाला फेऱ्या. धडकताना कोपर उघडायचं नाही, एवढाच त्यांचा नियम.

मग सचिनचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी तोच पडलेला जवान, आपल्याकडचाच, जतचा निघाला, चहा पीत बसलेला!

"अक्का, खेळायची चकती माझ्याकडंच हुती," तो जवानच म्हणाला. "ज्याच्याकडं चकती, त्याला धडकता येतंय. धडक बरोबर हाय. पंचानंबी शिट्टी मारली न्हाई."

"मग कोपर वर कसं?" मी विचारलं.

"मी पडाय लागल्यावर धरलं की त्यानं मला. डोकं आपटलं असतं."

दादांनी व्हिडिओ परत लावला आणि धडकेवर थांबवला. सचिनच्या कोपरावर बोट ठेवलं.

"टॉवेल काखेतच हाय," म्हणाले. "वाढ आता."