शुक्रवारचा केक आणि सिल्येची आई

शुक्रवार, १२ जानेवारी

पुन्हा 'वर्गाचा तास', म्हणजे आठवड्यातून एकदा गोल बसून एकमेकांची सुखदुःखं बोलायची. पुन्हा केक! अख्ख्या डेन्मार्कातल्या पोरांना केक चारून माणुसकी शिकवतात. आज आणायची पाळी माल्थेची. मधोमध कच्चा.

वर्गातल्या सिल्येची आई इस्पितळात आहे, म्हणून आजचा विषय सिल्ये. बिर्गिट, आमची वर्गशिक्षिका, मान तिरकी करून म्हणाली, "सांगा बघू, सिल्येसाठी आपण काय करू शकतो?" झालं! एकेकाला उमाळे फुटले. माल्थे तर सगळ्यांच्या पुढे सरसावला. "सिल्ये, मला इतकं वाईट वाटतंय ना..." आणि लगेच — "तो कडेचा तुकडा कुणाला हवाय का?"

माझी वेळ आली. म्हटलं, "मला काही बोलायचं नाही." बिर्गिटनं सुस्कारा सोडला. सोडू दे.

सोमवार, १५ जानेवारी

सिल्ये आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली! म्हणाली, "तू काही विचारत नाहीस, म्हणून." आठवीच्या या वर्गात अक्कल असलेल्या आम्ही दोघीच.

शुक्रवार, १९ जानेवारी

माल्थे रोज येऊन विचारतो, "आई कशी आहे गं?" बिर्गिटनं सगळ्यांसमोर शाबासकी दिल्यापासून त्याला चेवच चढलाय. नाटकी कुठला! मी सिल्येकडे बघून नाक मुरडलं. ती हसली नाही. थकली असेल.

बुधवार, २४ जानेवारी

डबा खाताना सिल्ये म्हणाली, "काल डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं होतं."

मी म्हटलं, "गणितं झाली का तुझी?" मुद्दाम. तेवढीच तिला त्या विषयातून सुटका! मला ती फार आवडते. अशी मैत्रीण मला कधीच नव्हती. ती उठून जाऊ नये, एवढंच. तिनं पाव तसाच डब्यात ठेवला.

शुक्रवार, २६ जानेवारी

आज तासाला सिल्येनं हात वर केला. पहिल्यांदाच. "मला जागा बदलायचीय. माल्थेशेजारी."

"त्याच्याशेजारी?" माझ्या तोंडून गेलंच. "अगं, सगळं नाटक आहे त्याचं!"

"असेल," ती म्हणाली. "पण तो विचारतो तरी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बिर्गिटसुद्धा, तशीच मान तिरकी करून. एवढा कळवळा — आणि तोही माझ्याबद्दल! किळस आली. केकला हातसुद्धा लावला नाही.

रविवार, २८ जानेवारी

शेवटी सिल्येला फोन केला. "आई कशी आहे गं?"

"ती आज पहाटे गेली, विगा."

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.