जाड भिंतींच्या खोलीत

बाबा, मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. रॉकेटच्या इंधनाच्या टाक्या करते. धातूच्या नाहीत, कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून थरावर थर देतो. भट्टीत भाजलं तर निवताना ते आतून आखडतं, आणि इंधनाच्या, हवासुद्धा पातळ होऊन वाहील अशा थंडीत त्याला बारीक तडे जातात. म्हणून आम्ही न भाजता, इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं, म्हणजे बीमनं, राळ कडक करतो. तो मारा माणसाला लागू नये म्हणून त्या खोलीच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड.

टाकी रॉकेटला जोडायची घाई होती. मी एकटीच आत शिरून तिचा एक भाग मांडत होते, आणि पाठीमागचा दरवाजा आपोआप सरकून बंद झाला. भिंतीवरची लाल दोरी ओढली की यंत्र सुरूच होत नाही. मी ती ओढली. तरी हात सुटेना. स्पीकरमधून सहकारी म्हणाला, "मॅडम, बीम बंद आहे. दरवाज्याची मोटर अडकलीय. बसून राहा." मी खाली बसले. वीज पडल्यावर येतो तसा वास होता. बाहेरचा कसलाच आवाज आत येत नव्हता, आणि मला लोधीपुऱ्यातला तुमचा यंत्रमागाचा कारखाना आठवला.

मी शाळकरी आहे. तुमचा डबा घेऊन आलेय. खाली पडलेली सुताची कांडी उचलायला वाकते आणि वेणी लूमच्या पट्ट्यात जाते. मान मागं ओढली जाते. तुम्ही खटका पाडून धावत येता. "हलू नको. बिलकुल हलू नको." धाग्याच्या कात्रीनं वेणी मुळाशी कापता, मग थोबाडीत देता. "आजपासून इकडं यायचं नाही. पढाई कर, बस." पुढं डबा तुम्ही उंबऱ्याबाहेर येऊनच घेत राहिलात. मला ती थोबाडीतच लक्षात राहिली होती. त्या खोलीत बसल्यावर आठवलं, की कात्री ठेवल्यावर तुम्ही लूमला धरून खाली बसलात.

दरवाजा उघडला तेव्हा कळलं, मी तुमच्याशी मोठ्यानं बोलत होते. माईक चालू होता. बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मीच आत जाऊन काम पुरं केलं. टाकी थंडीत टिकली, तडा गेला नाही. सगळे मला धीट म्हणतात. पण बाबा, तेव्हापासून मी न्हाणीघराचं दार लावत नाही. फटीत बादली ठेवते. घरी सांगितलंय, दार फुगलंय.