तोंडभर सोनं

रविवार, २ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! सामानाची व्हॅन दुपारी परत गेली आणि आता हे लिहितोय ते माझ्या स्वतःच्या खिडकीशी, स्वतःच्या टेबलावर. खिडकीबाहेर गव्हाची कापणी झालेलं रान थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलंय. ज्याला त्यात नुसती धसकटं दिसतील त्याला दिसोत बापडी. मला उताराच्या मध्यावर जमिनीचा किंचित फुगवटा दिसला. तिथली माती भोवतालच्या मातीपेक्षा काळी आहे आणि तिथलीच धसकटं तेवढी जाड आहेत. म्हणजे खाली कुणीतरी कधीतरी खोदलंय. हे विद्यापीठात शिकवत नाहीत.

घर मिसेस गॅरड यांचं आणि शेतही त्यांचंच. विधवा आहेत, अंगानं दणकट, ट्रॅक्टर स्वतः चालवतात. शेतात मेटल डिटेक्टर फिरवायची परवानगी भाडेकरारातच लिहून हवी, अशी माझी अट होती. त्यावर खो-खो हसल्या. म्हणाल्या, अहो मिस्टर पास्क, लोक विचारतात नळाला गरम पाणी येतं का, आणि तुम्हाला हवेत माझ्या शेतातले गंजके खिळे! न्या की, सगळे न्या, माझे टायर तरी वाचतील. संध्याकाळी त्यांनी वाफवलेलं किडनीचं पुडिंग आणि व्हिनेगरमधली अंडी आणून दिली. पुडिंग उत्तम होतं. कडा किंचित कच्च्या होत्या, पण ते मी बोललो नाही.

मला इथे काय मिळवायचंय ते पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पुढचा जन्म बॉयलर दुरुस्त करण्यात गेला. जे शिकलो ते वाचनालयात बसून, अंगावरचा कोट वाळता वाळता. सोनं सापडलं तर खुशाल सरकारजमा होऊ दे. मला फक्त संग्रहालयातल्या काचेमागचं ते छोटं कार्ड हवंय: ‘शोधक: क्लेमंट पास्क’. खाली दुसरं कुणाचंही नाव नको.

मंगळवार, ४ सप्टेंबर

इथल्या शोधकांची मंडळी पबमध्ये जमते. म्होरक्या आयव्हर कटिंग म्हणून एक गवंडी आहे. सहा तास यंत्र फिरवूनही त्याला बिअरच्या डब्यांची झाकणंच सापडतात, पण बोलणं असं, की जणू राजाची कबर यानंच उघडली. त्याची एक सवय मला बघवत नाही. काहीही सापडलं, की त्यावर थुंकायचं आणि अंगठ्याने खसाखसा चोळायचं. सगळेच करतात म्हणा. अहो, मातीत वाळूचे कण असतात, नाण्यावर ओरखडे उठतात!

मी माझी पद्धत समजावून सांगितली. चांदी पावसाच्या पाण्यात ठेवावी. सोनं मात्र जिभेखाली धरावं. सोनं गंजत नाही, त्याला विष नाही. तोंडातल्या उबेने माती आपोआप सुटते, काही चोळावं लागत नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच करत आलोय. आयव्हरनं ग्लास उंचावून सगळ्या पबला ऐकवलं, की शांतता राखा, प्रोफेसरसाहेब बोलतायत! प्रोफेसर, आमच्या शेतात मेंढ्या काय काय टाकून जातात तेही जरा चाखून सांगा, कुठल्या शतकातलं ते!

हसले सगळे. हसू देत.

शनिवार, ८ सप्टेंबर

सोनं!

फुगवट्याच्या उताराकडच्या बाजूला, नांगराच्या तासात, जेमतेम वीतभर खाली. हेडफोनमध्ये आवाज इतका गोल आणि स्वच्छ आला, की खुरपं उचलण्याआधीच मला कळलं. शर्टाच्या बटणाएवढं, पण जाड नाणं. एका बाजूला ओबडधोबड माणसाचं डोकं, दुसरीकडे क्रूस. सातवं शतक, यात मला शंका नाही. एखाद्या डॉक्टरेटवाल्याला असली तर त्यानं येऊन माझ्याशी वाद घालावा.

गवतावर बसलो आणि नाणं जिभेखाली धरलं. आधी काहीच चव लागली नाही. मग किंचित गोडसर लागलं. हलणाऱ्या दाताच्या मुळाशी लागतं ना, तसं. माती सुटली ती थुंकून टाकली. नाणं लखलखीत!

नियमाप्रमाणे कौंटीच्या, पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायला हवं. कळवेनच. पण नांगरानं एखादंच नाणं वर ओढून आणलेलं असतं, बाकीचं घबाड खालीच असतं. आधी ते बघतो. अर्धवट घेऊन जायची माझी रीत नाही.

सोमवार, १० सप्टेंबर

शांतपणे, क्रमाने लिहितो.

नांगर पोचतो त्या थराच्या खाली कमरेइतका खड्डा घेतला. कवटी लागली. आकाशाकडे तोंड करून पडलेली, जबडा माणसाचा उघडू शकतो त्याहून जास्त उघडलेला. आणि तोंडात नाणी. ठासून भरलेली. ओठ असते तर फाटले असते, इतकी.

हाड दिसलं की हात थांबवायचा आणि पोलिसांना कळवायचं, हा कायदा मला पाठ आहे. मग काय होतं तेही पाठ आहे. फिती बांधतात, तंबू ठोकतात, पदव्यावाले येतात, आणि वर्षभराने कार्डावर ‘संशोधक पथक’ असं छापलं जातं. मी थांबलो नाही.

भोवतालची माती कोरडी होती, अगदी पिठासारखी. पण तोंडाच्या आत ओल होती. नाण्यांच्या मधे चिकट, अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी, बोटांबरोबर तार धरून वर यायचं. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की येतो तसा वास. दोनदा खड्ड्याबाहेर येऊन मोकळी हवा घेतली. सगळ्यात खालचं नाणं कशाला तरी चिकटलं होतं. मऊ होतं ते. ओढलं तेव्हा चोखल्यासारखा आवाज झाला.

आत बोट घालून नीट चाचपायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

खड्ड्यावर फळी टाकून घरी आलो. नाणी साबणाने धुतली, मग एकेक करून माझ्या पद्धतीने साफ केली. हो, सगळी. वासाला घाबरून पद्धत बदलणाऱ्यांतला मी नाही.

बुधवार, १२ सप्टेंबर

त्या कवटीबद्दल विचार करतोय. मेलेल्याच्या तोंडात परलोकीच्या वाटखर्चाला एखादं नाणं ठेवत असत, पण ते एकच. इथे पुढचे दात आतल्या बाजूला मोडलेत. म्हणजे नाणी ठोकून बसवली होती. बाटलीला बूच मारतात तशी. कुणीतरी आपलं होतं नव्हतं ते सोनं खर्चून हे तोंड बंद केलंय. हे आजवर कुठे वाचलेलं नाही. यावर माझा स्वतंत्र लेख होईल.

नाणी रात्री कोरड्या बशीत ठेवली होती. सकाळी बशीत लाळ होती. फेसाळ, कोमट. छप्पर गळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. छप्पर गळून लाळ पडत नाही, हे मला कळतं.

सॉसेजची चव ओल्या मातीसारखी लागतेय.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

मिसेस गॅरड दूध द्यायला आल्या आणि दारातच दोन पावलं मागे सरल्या. म्हणाल्या, राग मानू नका हं मिस्टर पास्क, पण दात घासता ना तुम्ही? आमचा कुत्रा मेलेल्या मेंढीत लोळून येतो, तोसुद्धा तुमच्या दारातून पळाला बघा. मग जाता जाता म्हणाल्या, की पुढच्या आठवड्यात त्या रानात पेरणी आहे, तेवढा खड्डा बुजवून टाका. नाहीतर मीच ट्रॅक्टरने माती लोटीन.

त्या गेल्यावर गुळण्या केल्या. पाणी तपकिरी. तिसऱ्या गुळणीत गांडुळाचा तुकडा आला. हलत होता.

आरशात दात बघितले. हे माझे दात नाहीत. तपकिरी आहेत, आणि दाढा सपाट झिजलेल्या. ही झीज मी ओळखतो. जात्याच्या दगडाची कणी पिठात मिसळते आणि जन्मभर तीच भाकरी खावी लागते, तेव्हा दाढा अशा झिजतात. चित्रांत शेकडो वेळा पाहिलीय.

माझ्या तोंडात सातव्या शतकातले दात आहेत.

रविवार, १६ सप्टेंबर

जाग आली ती गुदमरून. नाणी तोंडात होती. सगळी. बशी रिकामी. बोटं घालून एकेक काढली. प्रत्येक नाण्याबरोबर हिरडीचा चुरा आला. खिडकीतून ओकलो. त्यातही माती.

सकाळीच रानात गेलो. फळी उचलली.

कवटीला हिरड्या आल्यात. गुलाबी, ओल्या. दात पांढरे. डावीकडच्या दाढेत चांदी भरलेली. ती मी गेल्या वर्षी भरून घेतली होती. आणि आत जीभ, गोगलगाईसारखी, दातांमागून हळूच पुढे आली, ओठ नाहीत तिथे ओठ चाटल्यासारखी फिरली.

फळी टाकली. पळालो.

आता समजतंय. त्याचं बूच मी काढलं. रिकाम्या तोंडाला तोंड हवंय, माझं. नाणी परत ठोकून बसवली तर सुटेन बहुतेक. पण मग तिथे पेरणी होईल, आणि कार्ड नाही, नाव नाही, काही नाही. शोध लागलाच नाही, असं होईल.

नाही. अधिकाऱ्याला उद्या फोन करतो. नाणी त्यांच्या हवाली झाली, की माझा संबंध संपला.

सोमवार, १७ सप्टेंबर

फोन केला. पलीकडे एक बाई होती, आवाज गोड. तोंड उघडलं. माझं नाव सांगायचं होतं, फक्त नाव. घशातून आलं ते बोलणंच नव्हतं — ओल्या चामड्यासारखे शब्द, कुठल्या काळातले कोण जाणे — आणि त्याबरोबर रिसीव्हरवर चिखल. बाई म्हणाली, लाज नाही वाटत, सकाळी सकाळी पिऊन फोन करता. ठेवला तिनं.

चिठ्ठी लिहून नेईन. बोलायची गरजच नाही. गुरुवारी जातो.

मंगळवार, १८

मिसेस गॅरड खिडकीबाहेरून ओरडल्या — आत येत नाहीत आता — काल बांधावर किती छान बोललात मिस्टर पास्क! मला वाटलं होतं तुम्ही घुमे आहात! आणि खोली सोडताय ते आधी नाही का सांगायचं हो?

काल मी घराबाहेर पडलोच नाही.

त्यांना बांधापलीकडून आवाज आला म्हणे. माझा आवाज. चेहरा दिसला नाही, खाली वाकून काम करत होतात ना, म्हणाल्या.

मी तोंडावर टॉवेल दाबून मान हलवत राहिलो — नाही, नाही — त्यांना वाटलं, माझी दाढी करणं चाललंय. हसत गेल्या.

बुधवार. दुपार.

पुरे. नको ते कार्ड. नाव नको. माझं तोंड मला परत हवं. पाव खाऊन बघावा, चहाची चव लागावी, बस.

नाणी तंबाखूच्या डबीत घातली, डबी दोरीने बांधली. आत्ता जातो. दिवसाउजेडी.

बुधवार. खड्ड्यात.

डबी रिकामी. दोरी जशीच्या तशी. बांध ओलांडताना जिभेखाली जड लागलं — सगळी तिथे — दात मिटले ते उघडत नाहीत. खुरपं घालून पाहिलं. दात तुटला, जबडा नाही उघडला. सोनं घशापर्यंत.

वाकलो. डाव्या हाताने त्याचं तोंड दाबून धरलं, म्हटलं याला तरी मातीने बुजवतो — त्यानं बोटं धरली. सोडत नाही. चावत नाही, चोखतंय. गरम. एकेक बोट — नखाखालची माती चाटतंय — शी, शी —

उजव्या हाताने लिहितोय. वही गुडघ्यावर. कुणाला सापडली तर

ट्रॅक्टर. मिसेस गॅरड. फळीआडून चाक दिसतंय. त्यांना मी दिसत नाही. खूप खाली आहे मी. ओरडतोय, नाकातून नुसती शेंबडासारखी माती —

विचारतायत, मिस्टर पास्क, झालं का तुमचं? लोटू का माती?

माझ्या बोटांभोवतीची जीभ हलली. माझाच आवाज. स्वच्छ, अदबशीर. मला आयुष्यात कधी बोलता आलं नाही इतकं सुरेख.

लोटा, बाई, म्हणाला. मी बाहेर आलोय.

इंजिनाचा आवाज वाढ