मुद्द्याचं बोला

१ मे

पुन्हा तेच! विषय क्रमांक नऊ: बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता आणि शेड. आणि पुन्हा सभा नऊपर्यंत पोचलीच नाही.

उपसरपंच भगवानराव पाण्याच्या विषयावर उठले. पाण्यावरून विहीर, विहिरीवरून त्यांचे वडील, वडिलांवरून हिवरा आश्रमाच्या उत्सवात त्या वडिलांनी कशी पंगत वाढली ते. ऊन वर आलं. माणसं एकेक करून उठली. मग सरपंच अर्जुनराव घड्याळ बघून म्हणतात, "उरलेले विषय पुढच्या सभेत."

सगळं ठरलेलं! रस्ता भगवानरावांच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जातो ना! पण तोंडाने 'नाही' म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी निवडून आलेली सदस्य — आणि आज वाऱ्याला बसल्यासारखी नुसती बसून होते.

घरी आले तर सासूबाईंनी तोंड बघूनच ओळखलं. "वळलं वाटते त्यानं चऱ्हाट?"

गुलाबबाबा ओट्यावर बसले होते. सासऱ्यांचे चुलत भाऊ. म्हणाले, "चऱ्हाट काऊन म्हनता वैनी? चऱ्हाटानं बैल तरी बांधता येते."

मला हसू आलं नाही.

२९ मे

मासिक सभा. मी सुरुवातीलाच म्हटलं, आधी रस्ता घ्या.

"घेऊ न ताई! आपलंच काम आहे ते. पन त्याची पार्श्वभूमी समजून घेतली पाह्यजे."

पार्श्वभूमी! चहा आला, कप उचलून नेले, पार्श्वभूमी चालूच. पेपरवाले याला वेळकाढूपणा म्हणतात. किती सभ्य शब्द! वेळ काढत नाहीत हे — आमचा वेळ खातात. तोंड पुसतात आणि पुन्हा बसतात.

३० मे

प्रसेनजितचा मलकापूरहून फोन. "तू चिडते न, म्हून ते जास्त बोलते." नवरा असून हे बोलतो! फोन ठेवून दिला.

१७ जुलै

गुलाबबाबा गेले. पहाटे, झोपेतच.

१८ जुलै

रागाने अक्षर नीट येत नाही. तरी लिहिते.

धुऱ्यावर पोटरीभर चिखल. बाबांना खांद्यावर घेऊन माणसं घसरत, सावरत गेली. त्रिशरण-पंचशील झालं. चिता रचलेली. पश्चिमेकडून आभाळ काळं होत होतं, सगळ्यांना दिसत होतं. अश्वजित बापाला अग्नी द्यायला पुढे झाला — आणि भगवानराव पुढे आले. "दोन शब्द बोलतो."

मी मनात म्हटलं, इथे तरी नको.

बोलले! गावाचा एकोपा. आपल्या गावात भेदभाव कधी नव्हताच. गुलाबराव म्हणजे कलाकार माणूस. कलेवरून संस्कृती, संस्कृतीवरून आजची तरुण पिढी. अश्वजित तसाच उभा. मयतीत कोण कुणाला थांबवणार? तेही त्यांना पक्कं ठाऊक!

पाऊस कोसळला. लाकडं भिजली. आमच्या माणसांनी कुणाच्या तरी गोठ्यावरचे पत्रे आणून हातांनी चितेवर धरले. जाळ धरेना. धरला तेव्हा पत्रे तापले. अश्वजितचे तळहात भाजले, तरी त्याने पत्रा सोडला नाही. बापाच्या अंगावर पाऊस पडू देणार होता का तो?

भगवानराव छत्रीखाली. "निसर्गापुढे कोनाचं चालते!" म्हणाले आणि निघून गेले.

निसर्ग?

१९ जुलै

जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

१४ ऑगस्ट

दवंडी झाली: उद्या ग्रामसभा, दुपारी बारा वाजता. संध्याकाळी छाया आली. तीही सदस्य, पण भगवानरावांच्या पॅनलची. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "पहिलाच विषय गायरानाचा हाय. त्यायच्या पुतन्याच्या, भागवतच्या गोदामाले ना-हरकत देऊन राह्यले. तुमची मसनवट त्यातच येते न व?"

येते. सगळी येते.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन झालं, जिलबी वाटली. लगेच अर्जुनराव म्हणाले, "सगळे आलेच हायेत, तर सभा आत्ताच घेऊन टाकू."

नऊ वाजता! आमची माणसं सोयाबीनच्या निंदणाला गेलेली, बाराला येणार होती. रस्त्याला वर्ष पुरत नाही, आणि गोदामाला जिलबी संपेपर्यंतचाही धीर नाही!

"मंजूर?" हात वर व्हायला लागले.

मी उठले. "मला बोलायचंय." छायाकडे पाहिलं. ती फोन घेऊन बाहेर गेली.

काय बोलायचं, काहीच ठरवलं नव्हतं. गुलाबबाबांपासून सुरुवात केली. म्हटलं, त्या गायरानात गेल्या महिन्यात एक माणूस जाळला, तो कोण होता ते सांगते. बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. कुणाकुणाच्या लग्नात वाजवलं, नावं घेत गेले. अर्जुनराव घड्याळ बघायला लागले. मी थांबले नाही.

भगवानराव म्हणाले, "ताई, मुद्द्याचं बोला."

ते म्हणाले! भगवानराव!

अंगाची लाही झाली. "मुद्द्यावरच येते," म्हटलं, "पण आधी पार्श्वभूमी." कुणीतरी मागे हसलं.

नावं संपत आली. आता काय? तेवढ्यात बायकांतली एक, तानुबाई, म्हणाली, "माह्या लग्नात पैसे नव्हते बापाजवळ. तसेच वाजवून गेल्ते ते." मग दुसरी. मग तिसरी. एकीने तर वरातीत घोडं कसं बिथरलं तेही सांगितलं. आणि मग गोजरबाई उठल्या — भगवानरावांच्या बायको. सभेत कधी तोंड उघडत नाहीत.

"आमच्या वरातीत त्यायनंच वाजवलं होतं. पानी आलं तं ह्ये मांडवात पयाले. गुलाबराव भिजत वाजवत राह्यले." मग नवऱ्याकडे वळून, "अन् तुम्ही त्यायच्या मयतीत बोलत बसले!"

शाळेच्या फाटकातून आमच्या बायका आल्या. हातात विळे, पायांना चिखल. अश्वजित आला. पटांगण भरलं. मी म्हटलं, "झालं माझं. घ्या मतं."

गोदाम नामंजूर. आणि तिथल्या तिथे मी रस्ता-शेडचा ठराव मांडला. मंजूर! गोजरबाईंचा हात वर होता. मी पाहिला.

घरी येऊन खूप रडले. बाबांसाठी. आणि रागही गेला नव्हता — भिजली लाकडं काही परत कोरडी होत नाहीत.

९ ऑक्टोबर

मोजणी झाली. धुऱ्यावर चुन्याच्या खुणा.

२१ नोव्हेंबर

तहसीलला सोडत निघाली. पुढचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव.

दिवेलागणीला भगवानराव आमच्या ओट्यावर. पहिल्यांदा. "मंजुश्रीताई, आमच्या पॅनलकून उभ्या राहा. बिनविरोध करून देतो."

"नाही," म्हटलं.

मी पुढे काही बोलेन म्हणून ते बराच वेळ थांबले. मी बोलले नाही.