बोटीचा ठिपका

बाबा,

वीज कडाडली की कॉम्प्युटरचा प्लग काढायचा, हा तुमचा नियम आज मी मोडला. तुमच्या तोर्युसच्या बोटीचा ठिपका दिसतो तो पडदा बंद करायला मन धजेना. आता बटण दाबून काहीच होत नाही. त्याच सॉकेटवर दिवा लागतो, केबल बदलून पाहिली, आतला पंखासुद्धा फिरत नाही, मागून जळका वास येतोय. आतला पॉवर सप्लायचा डबा जळाला असणार. तो उघडू नका, प्लग काढला तरी आत करंट उरतो.

मी बंदरावरच्या ऑफिसात त्यांचा पडदा बघायला पळतेय. कॉड माशाचं सूप शेगडीवर आहे.

आईंना एवढंच सांगा, कॉम्प्युटर बंद पडलाय म्हणून बोट दिसत नाही.

फक्त तुम्हाला सांगते. ठिपका आधी गेला, वीज नंतर पडली.

सुन्निवा